सोमवारची गोळी

रुग्ण हा उपचाराचा केंद्रबिंदू असतो. हे वाक्य माझं नाही. ते हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टसमोरच्या भिंतीवर, वीतभर उंचीच्या निळ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. अक्षरांखाली एक उगवता सूर्य आहे, दोन जोडलेले हात आहेत आणि पाच खुर्च्या आहेत. पाचांतल्या तिनांवर ‘फक्त स्टाफसाठी’ असा कागद चिकटवलेला, चौथीचा पाय मोडका, आणि पाचवीवर कोणाची तरी पिशवी. त्यामुळे फेब्रुवारीतल्या त्या सकाळी माझी थोरली बहीण गोपिकाताई पावणेदोन तास उभी होती. केंद्रबिंदूला लांबी-रुंदी नसते, त्याला जागा लागत नाही, हे आपण भूमितीत शिकलेलो आहोतच.

ताई लांब रोटी करते. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कणीक इतकी सैल भिजवायची की ती परातीत एका जागी थांबत नाही. मग तिचा गोळा हातावर घ्यायचा, या मनगटावरून त्या मनगटावर झुलवत झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर उपड्या ठेवलेल्या मडक्यावर अलगद पसरायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही. सगळा कारभार मनगटाचा. पंचवीस वर्षं ताईनं निम्म्या नागपुराच्या लग्नांत, तेरवीत आणि भंडाऱ्यांत अशा रोट्या झुलवल्या. भाऊजी गेल्यावर घर त्याच्यावरच चाललं. भूमिका, तिची एकुलती एक मुलगी, त्याच्यावरच शिकली आणि विमानतळाजवळच्या मिहानमधल्या एका आयटी कंपनीत लागली. भूमिकाचं लग्न पुढच्या वैशाखात ठरलं होतं. ताईनं सोयऱ्यांना भर बैठकीत सांगून टाकलं होतं, “बाकी सैपाक कोणालेही द्या. पोरीच्या लग्नात रोट्या माह्याच हातच्या.”

त्यानंतर महिन्याभरात तिचे हात सुजले. सकाळी उठल्यावर तासभर बोटं उघडायची नाहीत. तिनं एरंडेल लावून पाहिलं, मेथ्या खाऊन पाहिल्या, बुटीबोरीच्या एका वैद्याचा काढा पिऊन पाहिला. शेवटी रक्त तपासलं. संधिवात निघाला, आणि तोही त्यातला तो दळभद्री प्रकार, ज्यात शरीर आपल्याच सांध्यांना परकं समजून पोखरायला लागतं.

मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला चार मिनिटं दिली. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे. “पहिलं वर्ष वाया घालवू नका. या वर्षात औषध लागू पडलं तर सांधे वाचतील. नाही तर हाडाला हाड चिकटेल, आणि मग ते सोडवणं कोणाच्याच हातात नाही.” एवढं बोलून त्यांनी आम्हाला टीमच्या स्वाधीन केलं.

टीमची समन्वयक हिमानी नावाची मुलगी होती. वय पंचविशीचं, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं हसू.

“काका, आमच्याकडे टीम अप्रोच आहे,” ती म्हणाली. “डॉक्टर एकटे काही ठरवत नाहीत.”

“मग कोण ठरवतं?”

“टीम.”

“टीममध्ये कोण कोण?”

“सगळेच.”

“चूक झाली तर कोणाकडे यायचं?”

“काका, टीममध्ये चूक एकाची नसते,” ती म्हणाली. दहा महिन्यांनी मला कळलं की हे तिचं एकमेव तंतोतंत खरं वाक्य होतं.

पाच टेबलं होती. हिमानीचं पहिलं, मग आहार, व्यायाम, समुपदेशन आणि औषधं. प्रत्येक टेबलाचा फॉर्म वेगळ्या रंगाचा. ताईची फाईल टेबलाटेबलांवरून फिरत होती आणि ताई तिच्या मागे. मी ताईच्या मागे होतो, कारण आमच्या घरात एक रीत आहे. दवाखाना, बँक, कचेरी कुठलीही असो, शिकलेल्यानं बोलायचं आणि ज्याचं काम आहे त्यानं मान हलवायची. मी ज्युनिअर कॉलेजात वाणिज्य शिकवतो. माझी शिकण्याची परंपरा मोठी आहे.

“सोमवारी माहा उपास रायते, बाई,” ताईनं पहिल्याच टेबलावर सांगितलं. “चोवीस तासाचा. मंगळवारी सकाळी सोडते.”

हा सोमवार बावीस वर्षांचा आहे. भूमिका चार वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला होता, तेव्हा ताई महादेवाला नवस बोलली होती. पोरगी वाचली, उपास राहिला.

“ते तुम्ही आहाराच्या टेबलवर सांगा हं, काकू,” हिमानी म्हणाली.

आहाराच्या टेबलावर ताईनं सांगितलं. तिथल्या मॅडम खूश झाल्या. “अरे वा! वजन ताब्यात राहतं. फक्त साबुदाणा कमी, भगर खात जा.” आणि लिहून घेतलं. व्यायामाच्या टेबलावर ताईनं पुन्हा सांगितलं. तिथल्या मुलानं लिहिलं आणि सोमवारी व्यायामाला सुट्टी दिली. समुपदेशनाच्या टेबलावर अश्लेषा मॅडम होत्या. त्यांनी ताईचा हात हातात घेतला, तोही नेमका सुजलेला, आणि म्हणाल्या, “श्रद्धा फार मोठी शक्ती असते.” तेही लिहिलं गेलं.

औषधाच्या टेबलावर पियुष नावाचा तरुण फार्मासिस्ट होता. काम चोख. त्यानं गोळ्यांची पट्टी वर धरली.

“काकू, नीट ऐका. मेन औषध हे आहे. आठवड्यातून एकदाच. सोमवारी, जेवणानंतर. आमच्या सगळ्या पेशंटची सोमवारीच असते, म्हणजे घोळ होत नाही. दुसऱ्या कोणत्याही वारी घ्यायची नाही. रोज घेतली तर जिवावर बेतेल, आलं लक्षात? आणि ही पिवळी गोळी मंगळवारी. सोमवारच्या गोळीचा त्रास होऊ नये म्हणून.”

“पण भाऊ, सोमवारी तं माहा...”

“हो हो, कळलं,” मी मध्ये पडलो. “मी समजावतो तिला.”

खरं कारण सांगतो. ताईनं पाचव्यांदा उपास काढला होता आणि मला लाज वाटत होती. मागे रांग होती. मिहानवाले असावेत, कानात वायरी घातलेले लोक होते. आपण अडाणी दिसू नये म्हणून मी तिचं बोलणं शुद्ध करून पुढे पाठवत होतो, आणि शुद्ध करताना उपास गाळला.

घरी जाताना ऑटोत तिनं मला विचारलं, “ओमप्रकाश, सोमवारची गोळी मंग कशी कराची गा?”

मी मोबाईलवर परीक्षेच्या ड्युट्यांचा तक्ता बघत होतो. “पियुषनं सांगितलं तसं कर.”

“त्यानं जेवणानंतर सांगतलं न.”

“मग जेवणानंतरच घे.”

“आन जेवण नसलं तं?”

“ताई, मी आत्ता कामात आहे न.”

“बरं बाप्पा,” ती म्हणाली.

हे संभाषण लक्षात असू द्या. मी ठेवलं नाही.

पुढचे दहा महिने आम्ही टीमच्या शिस्तीत काढले. दर महिन्याला पाच टेबलं, दर टेबलावर एक ते दहा असे दहा चेहरे छापलेला कागद, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. ताईनं बोट ठेवायचं. मार्चमध्ये तिनं सहाव्या चेहऱ्यावर ठेवलं, मेमध्ये आठव्यावर. जुलैत ती म्हणाली, “याच्यात माहा चेहरा नाही,” आणि हिमानीनं नऊ लिहिलं.

शिवाय पहिल्याच आठवड्यात मोबाईलवर एक अ‍ॅप आलं. दर सोमवारी दुपारी दोनला ते किणकिणायचं: ‘आजची गोळी घेतलीत ना?’ होय दाबलं तर एक फूल उमलायचं. नाही दाबलं तर दर दहा मिनिटांनी पुन्हा किणकिणायचं. ताईकडे साधा फोन, म्हणून ते भूमिकाच्या फोनवर टाकलेलं. भूमिका दुपारी दोनला ऑफिसच्या मीटिंगमध्ये असायची. तिनं दहा महिन्यांत एकही फूल चुकवलं नाही.

रक्ताचे रिपोर्ट मात्र पाहण्यासारखे होते. या गोळीचा लिव्हरवर ताण पडतो म्हणून दर महिन्याला लिव्हर तपासायचं. ताईचं लिव्हर असं निघायचं की टीम एकमेकांना दाखवायची. “औषध फार छान सोसतंय त्यांना,” मोठे डॉक्टर म्हणाले आणि गोळ्या दोनाच्या चार केल्या. लिव्हर तसंच. मग चाराच्या सहा. लिव्हर हूं की चूं करेना. हात मात्र सुजतच होते. ऑगस्टमध्ये ताईनं एका तेरवीत रोटी झुलवायला घेतली आणि ती मनगटावरून घसरून थेट चुलीत गेली. पंचवीस वर्षांतली पहिली. ताईनं हात धुतले आणि पुढच्या रोट्या जावेला करायला लावल्या.

त्या महिन्यात मी टीमवर ओरडलो. “सहा महिने झाले, काही फरक नाही, तुम्ही करताय काय?” अशा अर्थाचं, पण इतक्या शुद्ध भाषेत नाही. हिमानीनं ते ट्रेनिंगचं हसू चेहऱ्यावर आणलं. “काका, तुमच्या भावना अश्लेषा मॅडमच्या टेबलवर मांडा ना.” रागासाठीही टेबल होतं. मी मांडल्या. मॅडमनी नातेवाईक तणावात असल्याचं लिहून घेतलं.

डिसेंबरात हॉस्पिटलनं ‘रुग्ण सहभाग दिन’ ठेवला. टीमनं बैठक घेऊन दोन गोष्टी ठरवल्या होत्या. एक, गोळीचा उपयोग नाही, आता महागडी इंजेक्शनं सुरू करायची. दोन, गोपिकाबाई आदर्श रुग्ण आहेत, त्यांचा सत्कार करायचा. दहापैकी दहा महिने हजेरी. अ‍ॅपवर शंभर टक्के. या दोन निर्णयांत टीमला काही विसंगत वाटलं नाही.

हॉलमध्ये दोनशे माणसं होती, पहिल्या रांगेत सगळी टीम. व्यासपीठावर मोठे डॉक्टर, व्यवस्थापनाचे एक साहेब आणि ताई. तिच्या मांडीवर शाल-नारळ, कारण तिला ते धरता येत नव्हतं. हिमानीनं माईक तिच्या तोंडाशी नेला.

“काकू, सगळ्यांना सांगा. तुम्ही औषधाचं इतकं परफेक्ट कसं सांभाळता?”

“जसं सांगतलं तसं करते न वं,” ताई म्हणाली. “पिवळी गोळी दर मंगळवारी घेते. एकही मंगळवार खाली नाही गेला.”

टाळ्या.

“आणि सोमवारची?”

“सोमवारची कशी घेईन? सोमवारी माहा उपास रायते. जेवणच नाही, तं जेवणानंतर कुठून येईल?”

हॉलमध्ये कोणीतरी हसलं. मग कोणीच हसलं नाही. मोठे डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले.

“म्हणजे आजपर्यंत किती घेतल्या, काकू?”

“एकही नाही. पण फेकल्या नाही जी. साऱ्या डब्यात जपून ठेवल्या. पायजे तं वापस घेऊन जा.”

“दुसऱ्या दिवशी घ्यायच्या होत्या ना!” हिमानी माईकवरच ओरडली.

“तो पोरगा म्हणे, दुसऱ्या वारी घेतली तं जिवावर बेतते. मले पोरीचं लगन पायचं आहे.”

दहा महिने ती न घेतलेल्या गोळीचा त्रास होऊ नये म्हणून दर मंगळवारी गोळी घेत होती. लिव्हर उत्तम असणारच. त्याला काही कामच नव्हतं.

“अहो, मग तुम्ही हे आधी का नाही सांगितलं?” हिमानीचा आवाज रडवेला झाला होता.

ताईनं तिच्याकडे पाहिलं. दहा महिन्यांत तिनं आवाज चढवल्याचं मी ऐकलं नव्हतं. तो आता चढला, आणि माईक समोरच होता.

“काहून नाही सांगतलं? पयल्याच दिवशी सांगतलं, तुलेच सांगतलं. तू म्हणे, त्या टेबलावर सांग. त्या टेबलावर सांगतलं, ते म्हणे वा वा. त्या पोराले सांगतलं. या बाईनं तं माहा हात धरून आयकलं. पाच जण लिहून घेऊन रायले होते! मी कागद समजून बोलत होती का भिंत समजून? दहा महिने या हातानं माहं पातळ नेसणं झालं नाही, लुगड्याची गाठ पोरीकून मारून घेतली, आन तुमी म्हणता सांगतलं नाही!”

हिमानीनं माईक बंद केला. बाकीचं हॉलनं माईकशिवाय ऐकलं.

मी व्यासपीठावर गेलो. माझ्या डोक्यात जाळ झाला होता. सत्कारासाठी टेबलावर आणून ठेवलेली ताईची फाईल उचलली आणि उघडली, दोनशे माणसांसमोर. आहाराचा हिरवा फॉर्म: ‘सोमवारी पूर्ण उपास. चांगली सवय.’ वाचला. व्यायामाचा पिवळा: ‘सोमवारी उपास, व्यायाम नको.’ वाचला. समुपदेशनाचा गुलाबी: ‘सोमवारी उपास. श्रद्धा दृढ, आधार उत्तम.’ वाचला. औषधाचा पांढरा: ‘सोमवार, जेवणानंतर.’ हे चार कागद दहा महिने एकाच पिनेत एकमेकांना चिकटून होते आणि एकानंही दुसऱ्याला विचारलं नाही.

“ही तुमची टीम!” मी म्हणालो. “एका माणसानं, एका माणसानं ही फाईल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली असती...”

मोठे डॉक्टर उठले. त्यांनी माझ्या हातातून फाईल घेतली, शेवटचं पान काढलं आणि माझ्यापुढे धरलं. तो निळा फॉर्म होता, ‘रुग्ण सहभाग प्रश्नावली’. प्रश्न चौथा: आठवड्याची गोळी नियमित घेता का? उत्तर: होय. प्रश्न पाचवा: औषध घेण्यात काही अडचण? उत्तर: नाही. प्रश्न सहावा: रुग्णाला आणखी काही सांगायचे आहे का? उत्तर: नाही. दहा महिन्यांच्या दहा प्रश्नावल्या. अक्षर सुरेख, वळणदार. वाणिज्य शिकवणाऱ्याचं.

खाली छापलेलं होतं, ‘हा फॉर्म रुग्णाने स्वतः भरावा.’ ताई बाजूला उभी असायची. मी एकदाही तिला मोठ्यानं वाचून दाखवलं नव्हतं. रांगेत वेळ वाचायचा.

“हे तुमचं अक्षर?” डॉक्टरांनी हळू विचारलं.

मी मान हलवली. आमच्या घरात ते काम ताईचं होतं.

ताईनं माझ्याकडे पाहिलं. शिव्या घालेल असं वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. “घरी चल, ओमप्रकाश,” एवढंच म्हणाली. “हा नारळ धर. माह्याच्यानं धरवत नाही.”

त्यानंतर सगळं रीतसर झालं. हॉस्पिटलनं पाच जणांची समिती नेमली. समितीनं प्रत्येक फॉर्मवर ‘रुग्ण उपास करतो का?’ असा रकाना वाढवला. हिमानीनं अ‍ॅपमधलं फूल काढून टाकायला लावलं, आणि ती पुढच्या महिन्यात स्वतः ताईच्या घरी आली, चहा घेतला, अर्धा तास नुसतं ऐकून गेली. काही लिहून घेतलं नाही. पियुषनं चिठ्ठीवरच्या ‘सोमवार’वर एक रेघ मारली आणि ‘मंगळवार’ लिहिलं, पिवळी गोळी बुधवारवर ढकलली. याला दहा सेकंद लागले. इंजेक्शनं लांबणीवर पडली. प्रश्नावली आता भूमिका वाचते आणि ताई उत्तर सांगते. मी बाहेर बसतो. पाचव्या खुर्चीवरची पिशवी अजून तिथेच आहे.

गोळी लागू पडली. आठ आठवड्यांत सूज उतरायला लागली. मार्चमध्ये ताईनं तिसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, आणि बोट सरळ होतं. डावा हात जवळजवळ पहिल्यासारखा झाला. उजव्या मनगटाचा एक्स-रे मोठ्या डॉक्टरांनी काचेवर लावला आणि या वेळी आम्हाला चाळीस मिनिटं दिली. त्यांनी पेनानं दाखवलं, इथं फट असायला हवी होती.

भूमिकाच्या लग्नात तंदुरी रोटी होती.